डाव्या दाराची धडक आणि कणकेचा हिशेब विचारणारे वकील

माझा अपघाताचा दावा लढलेल्या वकीलसाहेबांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिणार होते, पण त्यांनीच हात जोडले. "ताई, वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. तुम्ही मनापासून लिहाल, पण लोक म्हणतील यांनीच लिहून घेतलं." म्हणून एवढंच सांगते: नागपूर, सिव्हिल लाइन्स, जिल्हा न्यायालयापासून पायी पाच मिनिटं, पहिला माळा, जिना उभा आणि अरुंद. हाडं मोडलेल्या लोकांचे दावे लढणाऱ्या माणसाचं ऑफिस अशा जिन्यावर! पहिल्या दिवशी कठड्याला धरून एकेक पायरी चढताना मी त्यांचा एक स्टार तिथेच कापून टाकला होता.

आधी काय झालं ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

11 फेब्रुवारी 2023, शनिवार. बेस्याला भाचीच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. रात्री साडेअकराला छत्रपती चौकाकडून रिंग रोडने त्रिमूर्तीनगरला घरी येत होतो. गाडी आमची, 2014 ची, चालवत होते आमचे हे, मी शेजारी डाव्या सीटवर, पट्टा लावलेला. एका चौकात सिग्नल पिवळा टिमटिमत होता. डावीकडच्या लेआउटच्या रस्त्याने एक मोठी गाडी आली ती थेट माझ्या दारात घुसली. आवाज मला आठवत नाही. आठवतं ते हे, की मांडीवरचा आहेराच्या साड्यांचा पुडा यांच्या स्टेअरिंगवर जाऊन पडला आणि दाराचं हात ठेवायचं प्लॅस्टिक माझ्या कमरेत रुतलं होतं. दोन्ही एअरबॅग जागच्या जागी, फुगल्याच नाहीत. मला वाटलं बिघडल्या असतील. तसं नसतं. त्या समोरच्या धडकेसाठी असतात, बाजूच्या धडकेसाठी सीटमध्ये किंवा छताच्या कडेला वेगळ्या लागतात आणि त्या आमच्या गाडीत नव्हत्याच. सहा एअरबॅगांची चर्चा आपल्याच शहराचे खासदार गडकरी यांनी किती केली होती. पुढे सक्ती मात्र झाली नाही. बाजूच्या धडकेच्या चाचणीचा नियम 2017 नंतरच्या नव्या मॉडेलांना लागला, म्हणजे आमची गाडी त्याच्याही आधीची.

हाडांच्या डॉक्टरांनी मला नंतर फार साधं करून सांगितलं. समोरून धडकलं तर तुमच्या आणि त्या गाडीच्या मध्ये बॉनेट असतं, इंजिन असतं, दोन-तीन फूट लोखंड चुरगाळून मार खातं. बाजूने धडकलं तर मध्ये असतं एक दार. वीतभर. पट्टा तुम्हाला सीटवर धरून ठेवतो, पण आत येणाऱ्या दाराला कोण धरणार? म्हणून अशा अपघातात त्या बाजूच्या बरगड्या, खांद्याजवळचं हाड, कमरेचं हाड, मान, आणि डोकं काचेवर किंवा खांबावर आपटणं, हे नेहमीचं. आणि बरगड्यांच्या आत जे असेल ते. उजवीकडे लिव्हर, डावीकडे पानथरी, म्हणजे प्लीहा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे शेजारी बसणाऱ्याची डावी बाजू दाराकडे. पुढच्या डाव्या सीटवर बहुतेक घरांत कोण बसतं ते तुम्हीच बघा.

त्या रात्री जवळच्या एका दवाखान्यात नेलं. छातीचा एक एक्स-रे काढला, "फ्रॅक्चर दिसत नाही, मुका मार आहे" म्हणाले, दुखायच्या गोळ्या दिल्या आणि अडीच वाजता घरी पाठवलं. डाव्या पायावर भार देता येत नव्हता, पण मी म्हटलं सूज असेल. पहाटे आडवी झाले की डावा खांदा ठणकायचा, उठून बसले की कमी व्हायचा. खांद्याला काही म्हणजे काही लागलेलं नव्हतं, ओरखडासुद्धा नाही. सकाळी चहा ठेवायला उठले आणि ओट्यापाशीच डोळ्यांपुढे अंधारी आली.

धंतोलीत दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "काकू, खांदा दुखतोय का?" मी चकित. पोटात रक्त साचून ते वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की दुखतं खांद्यात, म्हणाला. सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. पानथरीला चीर, दुसऱ्या ग्रेडची. डाव्या बाजूच्या आठवी, नववी, दहावी अशा तीन बरगड्या मोडलेल्या, ज्या पहिल्या एक्स-रेत दिसल्या नव्हत्या. आणि कमरेच्या हाडाला पुढच्या बाजूने डावीकडे फ्रॅक्चर. ऑपरेशन टळलं. दोन दिवस आयसीयूत दर सहा तासांनी रक्त तपासत होते, हिमोग्लोबिन घसरायचं थांबलं तसे सगळे हसायला लागले. 11 दिवस, बिल 1 लाख 86 हजार. पुढे सहा आठवडे वॉकर. (मे 2025 पासून रस्ता अपघाताच्या जखमींना ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळायची योजना आहे. आमच्या वेळी नव्हती. सोन्याच्या बांगड्या होत्या.)

आता मूळ विषय. वॉर्डात असतानाच एक गृहस्थ आले. सफारी, हातात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा, शेजारच्या खाटेवरच्या पोरालाही एक दिलं. "क्लेम करून देतो काकू. एक रुपया द्यायचा नाही. मिळाले त्यात पंचवीस टक्के आपले." आम्हाला बरंच वाटलं, खरं सांगते. खिशातून काही जात नव्हतं ना. डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स घेऊन गेले. मार्चमध्ये फोन केला, एप्रिलमध्ये केला. "तुम्ही टेन्शन काऊन घेऊन राहिल्या? तीन वर्षं चालते ना क्लेम." मे महिन्यात, 45 डिग्रीत, ते म्हणे बाहेरगावी होते.

जुलैच्या शेवटी माझ्याकडे जेवणाचा डबा लावलेल्या एका मुलाने, लॉ कॉलेजला शिकतो, जेवता जेवता विचारलं, "काकू, क्लेमची तारीख काय?" मी तीन वर्षांचं सांगितलं. त्याने ताट बाजूला सरकवलं. "सहा महिने आहेत काकू. एप्रिल 2022 पासून सहा महिनेच." कॅलेंडर बघितलं. 11 ऑगस्टला सहा महिने पुरे होत होते. तोच मला दुसऱ्या दिवशी त्या जिन्यापाशी घेऊन गेला.

साहेबांनी पहिल्या भेटीत तीन गोष्टी केल्या आणि स्टार परत मिळवला. एक, मी चढून आले हे बघून मुन्शीला म्हणाले, "पुढच्या वेळी ताईंना वर बोलवायचं नाही, आपण खाली जायचं." आणि खरंच, पुढची दोन वर्षं सह्या मी खाली झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसून केल्या. दोन, टक्केवारीचं विचारलं तेव्हा सांगितलं की दाव्याच्या रकमेत वाटा ठरवून घेणं वकिलाला मनाई आहे, आणि जो वॉर्डात येऊन कार्ड वाटतो त्याने दुसराही नियम मोडलेला आहे. त्यांची फी ठरीव, 30 हजार, तीन हप्त्यांत, खर्च वेगळा आणि त्याची पावती. तीन, पहिल्या दवाखान्याचा कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

त्या कागदावर रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीच्या जागी लिहिलं होतं: गाडीवरून पडल्याने मार. बस. एवढंच. रात्री दोन वाजता कुणी तरी पेंगत लिहिलेलं. मी पाच महिने तो कागद फायलीत जपून ठेवला होता, एकदाही वाचला नव्हता. "ताई, त्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील याच एका ओळीवर उभा राहील," साहेब म्हणाले. कार कुठे, दुचाकी गाडीवरून पडणं कुठे!

4 ऑगस्टला दावा दाखल झाला. आठवडा उरला होता. हे सगळं करताना ऑफिसने जे धावपळीचं काम केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं, कायद्याची कलमं तर पुस्तकात असतातच. फिर्यादीची प्रत, घटनास्थळ पंचनामा, त्या गाडीचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स. नियम असा की पोलिसांनी 48 तासांत पहिला अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला द्यायचा. आमचा मुन्शी, वय पंचवीस असेल, ठाण्यात सात वेळा जाऊन आला. पंचनाम्यात आमच्या गाडीचं डावं पुढचं दार आत दबलेलं, काच फुटलेली, असं नोंदलेलं होतं. साहेबांनी ती ओळ आणि धंतोलीच्या हॉस्पिटलचा पहिला केसपेपर शेजारी शेजारी लावला, ज्यात स्पष्ट होतं: कारने प्रवास करताना डावीकडून धडक. दार डावं, बरगड्या डाव्या, पानथरी डावी, कमरेचं हाड डावं. गाडीवरून पडलेल्या माणसाला असं एका रेषेत लागत नाही. आमच्या गाडीचे फोटो भाच्याने काढून ठेवले होते म्हणून बरं, कारण गॅरेजवाल्याने दार केव्हाच भंगारात दिलं होतं.

मग आला कणकेचा हिशेब. मी डबे करते. अपघाताच्या वेळी 32 होते, बहुतेक हॉस्टेलची आणि नोकरीवाली मुलं. इन्कम टॅक्सचा कागद नाही, दुकानाचं लायसन्स नाही, मी काय दाखवू? साहेबांनी विचारायला सुरुवात केली.

"एका डब्यात पोळ्या किती?"

"चार."

"म्हणजे 128. कणीक?"

"चार किलो. थोडी वर."

"कोण मळतं?"

"मीच की. दुसरं कोण मळणार?"

"उभ्यानं की बसून? कुकर किती लिटरचा? भरलेला उचलून खाली कोण ठेवतं?"

मला राग आला होता. म्हटलं, हा माणूस वकील आहे की माझी सासू! 22 लिटरचा कुकर, दोन शेगड्या, सकाळी पाच ते नऊ उभं राहून, मग डबे पिशव्यांत भरून खाली उतरवणं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. माझी डब्यांची वही मागितली, ज्यात कुणी किती दिवस खाडा केला ते असतं. मोबाइलवर आलेल्या पैशांचं बँकेचं स्टेटमेंट मागितलं, किराणावाल्याची बिलं मागितली. ती वही हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली, मला द्यायची लाज वाटत होती. "धुऊन आणू नका," म्हणाले.

का ते उलटतपासणीत कळलं. डॉक्टरांनी डाव्या पायाचं आणि कमरेचं मिळून 12 टक्के कायमचं अपंगत्व लिहून दिलं होतं. कंपनीचे वकील म्हणाले, बारा टक्के म्हणजे किरकोळ, बाई चालतात-फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगून ठेवलंय की डॉक्टरांची टक्केवारी आणि कमाई कमी झाल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करतो ते बघा आणि मग ठरवा. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचं काही अडणार नाही, मला मात्र 22 लिटरचा कुकर उचलायचाय. मला विचारलं, "आता डबे बंद आहेत का?" मी म्हटलं, "चालू आहेत. 32 चे 18 झाले. कुकर पोरगा उचलून देतो, तो नसला की भात दोनदा लावते." पट्टा लावला होता का, हेही विचारलं. लावला होता. न्यायाधीशबाईंनी वहीची पानं उलटली आणि एका पानावर थांबून विचारलं, "हे 'अर्धा' म्हणजे काय?" अर्धा म्हणजे फक्त पोळी-भाजी, वरण-भात नाही. त्या हसल्या नाहीत, पण लिहून घेतलं.

मध्ये दोनदा पाय घसरणार होता. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीचा माणूस फार गोड बोलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची ते न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, तेवढे घ्या आणि मोकळ्या व्हा. हाड मोडलं की गंभीर दुखापत, त्यामुळे माझा हक्क होताच. आमचे हे तयार झाले होते, बांगड्या सोडवायच्या होत्या. साहेबांनी एवढंच सांगितलं, की ते स्वीकारलेत तर कलम 166 चा, म्हणजे आपण लढतोय तो पूर्ण भरपाईचा दावा तिथेच संपला, पुन्हा उघडत नाही. निर्णय तुमचा. दाबून काही म्हणाले नाहीत, हे मला आवडलं. लोकअदालतीत कंपनीने पावणेतीन लाखांपर्यंत आणलं, तेव्हा अपंगत्वाचा दाखलाही हातात आला नव्हता. "मार किती लागलाय हे कळायच्या आधी किंमत कशी ठरवायची?" म्हणून आम्ही नाही म्हटलं.

दुसऱ्यांदा कंपनीने जबाबात लिहिलं की पिवळ्या सिग्नलला वेग कमी केला नाही, म्हणून अर्धी चूक माझ्या नवऱ्याची. घरी दोन दिवस अबोला. हे जेवेनात. साहेबांनी यांना बोलावून समजावलं की दोन गाड्यांची मिळून चूक असली तरी प्रवाशाला पूर्ण भरपाई कोणत्याही एकाकडून मागता येते, 2015 चा खेन्येई प्रकरणातला निकाल आहे. त्या दोघांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते घ्यावं. "तुमच्या बायकोची काहीच चूक नाही ना?" यांनी मान हलवली. त्या रात्री पिठलं-भात दोनदा घेतला.

नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल लागला. हिशेब मी पाठ केलाय. मी 18 हजार सांगितले होते, कोर्टाने महिन्याचं उत्पन्न 12 हजार धरलं. वय 47, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के मिळवून 15 हजार. वर्षाचे 1 लाख 80 हजार. कमाईचं नुकसान 10 टक्के, म्हणजे 18 हजार, गुणिले 13, कारण 46 ते 50 वयाला गुणक (किती वर्षांचं नुकसान धरायचं तो आकडा) तेरा. 2 लाख 34 हजार. त्यात हॉस्पिटलचं बिल, चार महिने बुडालेले 48 हजार, वेदनांचे 50 हजार, खाणंपिणं, येणंजाणं आणि सोबतीला बाई ठेवली तिचे मिळून 30 हजार. एकूण 5 लाख 48 हजार, दावा दाखल झाल्या दिवसापासून साडेसात टक्के व्याज. निम्मी रक्कम तीन वर्षांच्या एफडीत टाकायला सांगितली, त्याचा यांना राग, मला नाही. कंपनीने जानेवारीत पैसे भरले. अपील नागपूर खंडपीठात झालं असतं, झालं नाही.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. म्हणजे अजिबातच उचलत नाहीत, मुन्शीला चारनंतर केला तर लागतो. दोन पेशींना मी ऑटोचे पैसे घालून गेले आणि तिथे कळलं की तारीख पुढे गेली, आदल्या दिवशी एक मेसेज टाकला असता तर काय बिघडलं असतं? धंतोलीच्या डॉक्टरांना साक्षीला आणायला पाच महिने लावले. डॉक्टर व्यग्र असतात हे मान्य, पण पाच? आणि 12 हजार उत्पन्न मला अजून खुपतं. साहेब म्हणतात वहीवर एवढं मिळालं हेच खूप. असेल. 32 डब्यांचा हिशेब त्यांनीही केला आहे आणि मीही, महिन्याचे 12 हजारांहून जास्त होतात.

पाचपैकी तीन देणार होते. जिन्याचा परत केलेला एक धरून चार.

जाणार असाल तर पहिल्या दवाखान्याचा कागद आधी घरी बसून वाचा, हकिगतीची ओळ तर नक्की. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, त्यांनाही तेच चालतं. माझी वही मात्र अजून कोर्टात आहे. मुन्शी म्हणतो अर्ज करून परत मिळेल, करून राहिलो. तोवर नवी वही घातली आहे, पहिल्या पानावर 19 नावं. एकोणिसावं त्या मुन्शीचं आहे, अर्धा डबा.